'अनडू' : चूक मागे घेणारी कळ आणि तिच्या उणिवा

टंकलेखन यंत्राच्या काळात एका चुकीच्या अक्षराची किंमत मोठी असे. कार्बन कागद घालून तीन प्रती काढायच्या असल्या, तर चूक तिन्ही प्रतींवर उमटे. मग खोडरबर, पांढरा द्राव किंवा सरळ नवा कागद एवढेच पर्याय उरत. संगणकाने ही धास्ती जवळजवळ संपविली. कंट्रोल आणि झेड या दोन कळी एकत्र दाबल्या की नुकतीच झालेली चूक नाहीशी होते आणि मजकूर पूर्वीसारखा दिसू लागतो. मराठी आवृत्त्यांमध्ये या आज्ञेला 'पूर्ववत करा' असे नाव असले, तरी बोलण्यात सर्वत्र रूढ आहे तो मूळ शब्द 'अनडू'च.

ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की ती अपुरी आहे हे सहसा ध्यानात येत नाही. ध्यानात येते तेव्हा उशीर झालेला असतो. तासाभराचे लेखन एका चुकीच्या कळीने कायमचे गेलेले असते आणि ते परत आणण्याचा मार्ग सापडत नाही. अनडूची कल्पना मांडली जाऊन अर्धशतक उलटले आहे. या काळात तिच्यात अनेक सुधारणा सुचविण्यात आल्या. काही अमलात आल्या, काही मोजक्या प्रणालींपुरत्याच राहिल्या. या सुधारणा कोणत्या आणि त्या सर्वांपर्यंत का पोहोचल्या नाहीत, याचा हा आढावा.

आरंभ

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात अँड्रिस व्हॅन डॅम आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये 'फ्रेस' या मजकूर-संपादन प्रणालीचे काम हाती घेतले. आयबीएमच्या महासंगणकावर चालणाऱ्या या प्रणालीत लेखातील एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारे दुवे होते. त्यामुळे आजच्या हायपरटेक्स्टच्या इतिहासात तिचा उल्लेख आवर्जून होतो. नवख्या वापरकर्त्यांना मात्र या दुव्यांपेक्षा शेवटचा बदल मागे घेण्याची सोय अधिक भावली, असे व्हॅन डॅम यांनी पुढे नमूद केले आहे. अनडूची सोय असलेल्या अगदी पहिल्या प्रणालींत फ्रेसची गणना होते.

त्याच सुमारास वॉरन टाइटलमन हे संशोधक लिस्प या संगणकभाषेवर काम करीत होते. 'बीबीएन-लिस्प'मध्ये त्यांनी 'प्रोग्रामर्स असिस्टंट' नावाची व्यवस्था उभारली आणि १९७१ पर्यंत तिच्यात अनडूची आज्ञा आली होती. वापरकर्त्याने दिलेल्या आज्ञांची नोंद संगणकाने ठेवावी आणि त्यांतील एखादी नकोशी झाल्यास तिचा परिणाम उलटवावा, ही यामागची कल्पना. पुढच्या सर्व प्रगतीचे बीज या नोंदवहीत आहे.

आयबीएमचे लान्स मिलर आणि जॉन थॉमस यांनी १९७६ मध्ये संगणक वापरणाऱ्यांच्या वर्तनाविषयी एक अहवाल लिहिला. निदान लगतची आज्ञा तरी परत घेता यावी, अशी अपेक्षा त्यांनी त्यात व्यक्त केली होती. आज क्षुल्लक वाटणारी ही सूचना त्या वेळी नवी होती. चुकीची आज्ञा देणे हा वापरकर्त्याचा दोष, असे मानण्याची तेव्हाची रीत होती. अशा चुका होणारच, तेव्हा प्रणालीनेच त्या सावराव्यात, हा विचार हळूहळू रुजला. ऐंशीच्या दशकात बेन श्नाइडरमन यांनी संवादी प्रणालींसाठी मांडलेल्या आठ नियमांत 'कृती सहज उलटवता यावी' हा एक नियम आहे. जेकब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा निकषांतही अनडू आणि रीडू यांना स्थान मिळाले.

'झेड'च का?

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात १९७४ मध्ये 'ब्रावो' हा संपादक तयार झाला. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी हे त्याचे कर्ते. छापील पान जसे दिसेल तसाच मजकूर पडद्यावर दाखविणाऱ्या आरंभीच्या प्रणालींपैकी ही एक होय. याच केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' हा संपादक रचला आणि 'कट, कॉपी, पेस्ट' ही त्रयी सुटसुटीत केली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. १९८३ चा 'लिसा' आणि १९८४ चा 'मॅकिन्टॉश' या संगणकांतून अनडूची आज्ञा सामान्य ग्राहकांपर्यंत पोहोचली. अनडू, कट, कॉपी आणि पेस्ट यांसाठी झेड, एक्स, सी आणि व्ही अशा कळी ठरल्या. इंग्रजी कळफलकाच्या तळओळीत त्या डावीकडून सलग येतात, त्यामुळे डाव्या हाताने त्या सहज दाबता येतात आणि उजवा हात माउसवर राहतो.

आयबीएमच्या प्रमाणकानुसार याच कामासाठी ऑल्ट आणि बॅकस्पेस या कळी होत्या. विंडोजने पुढे कंट्रोल-झेड स्वीकारली, तरी जुनी जोडीही अनेक प्रणालींत चालते. सन मायक्रोसिस्टिम्सच्या संगणकांना तर 'अनडू' असे लिहिलेली स्वतंत्र कळच असे. जेफ रास्किन यांनी घडविलेल्या १९८७ च्या 'कॅनन कॅट' या लेखनयंत्रावरही अशी कळ होती.

संगणक मागचे कसे आठवतो?

अनडूसाठी संगणकाला मागची स्थिती कुठेतरी जपून ठेवावी लागते. त्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे प्रत्येक बदलापूर्वी संपूर्ण मजकुराची प्रत काढून ठेवणे. तो सोपा आहे, पण खर्चिक. ५ लाख अक्षरांच्या एखाद्या ग्रंथात १,००० बदल केले आणि दर वेळी पूर्ण प्रत ठेवली, तर ५० कोटी अक्षरे साठवावी लागतील. जुन्या संगणकांच्या स्मृतीत हे शक्यच नव्हते.

दुसरा मार्ग म्हणजे केवळ बदलाची नोंद ठेवणे. 'शंभराव्या स्थानी पाच अक्षरे घातली' अशी नोंद असेल, तर उलट कृती 'शंभराव्या स्थानापासून पाच अक्षरे काढा' अशी होते. काही पुसले असेल, तर पुसलेली अक्षरे नोंदीत ठेवावी लागतात, म्हणजे ती परत घालता येतात. बहुतेक प्रणाली हाच मार्ग अवलंबतात. १९९४ साली निघालेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या संगणकशास्त्रातील प्रसिद्ध ग्रंथात ही पद्धत 'कमांड' या नावाने वर्णिली आहे. प्रत्येक आज्ञा ही एक स्वतंत्र वस्तू मानायची आणि ती कशी करायची व कशी उलटवायची, हे दोन्ही तिलाच ठाऊक असू द्यायचे, असे तिचे सूत्र आहे.

ब्रावोमध्ये आणखी एक नामी युक्ती होती. मूळ फाइलला हात न लावता नवा मजकूर वेगळ्या ठिकाणी साठवायचा आणि दोन्हींचे तुकडे कोणत्या क्रमाने वाचायचे याची केवळ एक यादी ठेवायची. मजकूर पुसणे म्हणजे यादीतून तुकड्याचा उल्लेख काढणे. प्रत्यक्षात अक्षरे जागच्या जागीच राहतात. त्यामुळे मागे जाणे स्वस्त पडते. 'पीस टेबल' या नावाने ओळखली जाणारी ही रचना सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेल्यावर 'वर्ड'मध्ये आली. २०१८ मध्ये 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' या संपादकानेही तिचेच सुधारित रूप स्वीकारले.

नोंदी ठेवण्याची व्यवस्था साधी असते. केलेल्या कृतींची एक चळत आणि मागे घेतलेल्या कृतींची दुसरी. अनडू केले की पहिल्या चळतीवरची सर्वांत वरची नोंद उचलून दुसरीवर ठेवायची. 'रीडू' अर्थात 'पुन्हा करा' म्हटले की उलट. जगातील बहुसंख्य प्रणाली अजूनही याच दोन चळतींवर चालतात.

एका पायरीपासून शंभरापर्यंत

आरंभीच्या प्रणालींत एकच पाऊल मागे जाता येई. बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या 'व्हीआय' या संपादकात 'यू' ही कळ एकदा दाबली की शेवटचा बदल जाई आणि पुन्हा दाबली की तोच बदल परत येई. विंडोजसोबत मिळणाऱ्या 'नोटपॅड'ची स्थिती कित्येक वर्षे अशीच होती. अनेक पायऱ्या मागे जाण्याची सोय त्यात विंडोज ११ साठी केलेल्या नव्या आवृत्तीबरोबर आली.

इतर प्रणालींनी हा टप्पा आधीच ओलांडला होता. नव्वदच्या दशकात वर्डमध्ये बहुपदरी अनडू आले. 'फोटोशॉप'ने १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत केलेल्या कृतींची यादीच पडद्यावर दाखविण्यास आरंभ केला. 'एक्सेल'मध्ये २००३ च्या आवृत्तीपर्यंत १६ पायऱ्या मागे जाता येई. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०० झाली. 'लिबरऑफिस'मध्येही मूळ मर्यादा १०० पायऱ्यांची असून ती वाढविता येते.

पायऱ्या वाढल्या म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. शंभर पायऱ्या म्हणजे किती मजकूर, हा पुढचा प्रश्न.

एक पायरी केवढी असावी?

प्रत्येक अक्षर ही एक पायरी मानली, तर एक वाक्य मागे घेण्यासाठी कळ पन्नास वेळा दाबावी लागेल. उलट, अखंड टंकलेखन ही एक पायरी मानली, तर एका फटक्यात पूर्ण परिच्छेद नाहीसा होईल. बहुतेक प्रणाली मधला मार्ग काढतात. टंकलेखनात खंड पडला, कर्सर हलविला, नवी ओळ सुरू झाली किंवा लिहिणे थांबवून पुसणे सुरू केले, की पायरी संपली असे त्या धरतात. हे नियम प्रत्येक प्रणालीत वेगळे असतात आणि वापरकर्त्याला ते सांगितले जात नाहीत. त्यामुळे कळ दाबल्यावर नेमके किती जाणार, याचा अंदाज येत नाही.

देवनागरीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. 'स्त्री' हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एक अक्षर. पण युनिकोडमध्ये ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा चिन्हांनी बनते. बॅकस्पेस दाबल्यावर अनेक प्रणालींत फक्त शेवटचे चिन्ह पुसले जाते आणि 'स्त्र' उरते. हे कित्येकदा सोयीचेही असते, कारण केवळ वेलांटी चुकली असेल तर जोडाक्षर पुन्हा लिहावे लागत नाही. डिलीट कळीचे वर्तन मात्र वेगळे असू शकते; ती पूर्ण अक्षर एकदम काढते. अनडूने या दोहोंपैकी कोणता हिशेब पाळावा, याबाबत एकवाक्यता नाही. पायरी चिन्हांवर मोजणाऱ्या प्रणालीत मागे जाताना अर्धवट, पाय मोडलेली अक्षरे मध्येच दिसू लागतात. वाचकाला एक वाटणारे अक्षर संगणकानेही एक मानावे, यासाठी युनिकोडचे नियम आहेत. देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम त्यांत सप्टेंबर २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत समाविष्ट झाला.

रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळविणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. अशा साधनांत आधी रोमन अक्षरे उमटतात आणि मागाहून त्यांच्या जागी देवनागरी शब्द येतो. अनडू केल्यावर कधी शब्द जातो, तर कधी देवनागरीच्या जागी पुन्हा रोमन अक्षरे येतात. ब्राउझरमधील लेखनचौकटीत एखाद्या प्रोग्रामने परस्पर मजकूर बदलला, तर अनडूची नोंदवही विस्कटते आणि आज्ञा निष्प्रभ ठरते. मराठी लिहिणाऱ्यांना 'संगणक ऐकत नाही' असे जे अनुभव येतात, त्यांतील काहींचे मूळ येथे आहे.

हरवलेली फांदी

सर्वांत मोठे नुकसान ज्या दोषामुळे होते, तो दोन चळतींच्या रचनेतच आहे. समजा, एखाद्याने लेखाचा शेवट लिहिला. मग आधीचा शेवट कसा होता, हे पाहण्यासाठी वीस पायऱ्या अनडू केले. जुने वाक्य दिसले. आता रीडू करून नव्या मजकुराकडे परतायचे, तोच चुकून स्पेसबारला बोट लागले. एक रिकामी जागा उमटली आणि त्याच क्षणी दुसरी चळत रिकामी झाली. नव्या कृतीनंतर जुन्या 'पुढच्या' कृतींना अर्थ उरत नाही, असे गृहीत धरून प्रणाली त्या टाकून देते. वीस पायऱ्यांचे काम संपले. चुकीपासून वाचविण्यासाठी केलेली सोयच येथे नुकसानीला कारणीभूत ठरते.

या दोषावर दोन उपाय प्रत्यक्षात आले आहेत. पहिला 'ईमॅक्स' या संपादकातील. रिचर्ड स्टॉलमन यांच्या 'जीएनयू ईमॅक्स'मध्ये अनडू हीदेखील एक कृती मानली जाते आणि तिचीही नोंद होते. उदाहरणार्थ, क, ख आणि ग असे तीन बदल केले. मग ग आणि ख मागे घेतले आणि घ हा नवा बदल केला. नेहमीच्या प्रणालीत ख आणि ग गेले. ईमॅक्सच्या नोंदवहीत मात्र 'क, ख, ग, ग मागे, ख मागे, घ' असा पूर्ण क्रम असतो. आता मागे जाऊ लागले की आधी घ जातो, मग 'ख मागे' ही कृती उलटते, म्हणजे ख परत येतो आणि पाठोपाठ ग. नोंदवहीची मर्यादा भरेपर्यंत काहीच हरवत नाही. मात्र आल्या वाटेनेच परतावे लागत असल्याने फेरा लांबतो आणि नवख्याचा गोंधळ उडतो. रीडूची स्वतंत्र आज्ञा ईमॅक्समध्ये मुळातच आली ती २०२२ मधील २८ व्या आवृत्तीत.

दुसरा उपाय 'व्हिम'मधील. नेदरलँड्सचे ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत सांभाळलेल्या या संपादकाने २००६ मधील सातव्या आवृत्तीत वृक्षरूप इतिहास आणला. वरच्या उदाहरणात क पासून दोन फांद्या फुटतात. एका फांदीवर ख आणि ग, तर दुसरीवर घ. दोन्ही जिवंत राहतात आणि एकीवरून दुसरीवर जाता येते. एवढेच नव्हे, तर 'दहा मिनिटांपूर्वी मजकूर जसा होता तसा दाखव' अशी वेळेच्या भाषेतील आज्ञाही देता येते. पायऱ्या मोजण्यापेक्षा ही भाषा माणसाच्या आठवणीला अधिक जवळची आहे. जेवायला उठण्यापूर्वीचा मजकूर हवा, हे लेखकाला ठाऊक असते. तो सदतीस पायऱ्या मागे आहे, हे नसते.

मग ही सोय सर्वसामान्य प्रणालींत का नाही? नोंद ठेवणे अवघड नाही. स्मृतीचाही तुटवडा राहिलेला नाही. अडचण आहे ती हा वृक्ष दाखवायचा कसा, याची. मागे आणि पुढे असे दोन बाण कोणालाही कळतात. शेकडो फांद्यांच्या जाळ्यातून हवी ती फांदी ओळखणे, केवळ वेळ आणि क्रमांक पाहून, हे पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला जिकिरीचे आहे. फांद्या न दाखवताही किमान सुधारणा शक्य आहे. रीडूची चळत रिकामी करण्यापूर्वी ती बाजूला जपून ठेवावी आणि मागितल्यास परत द्यावी, एवढे केले तरी बरेच अनर्थ टळतील.

फाइल बंद केल्यानंतर

बहुतेक प्रणालींत फाइल बंद केली की नोंदवही नष्ट होते. पूर्वी काही प्रणालींत फाइल 'सेव्ह' करताच ती पुसली जाई. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत हाच अनुभव येत असे. काळजीपूर्वक वारंवार सेव्ह करणाऱ्यालाच मागे जाता येऊ नये, हा मोठाच विरोधाभास होता.

व्हिमने २०१० मधील ७.३ या आवृत्तीत नोंदवही वेगळ्या फाइलमध्ये साठविण्याची सोय दिली. संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी सुरू केला, तरी कालचे अनडू चालू राहते. ॲपलने २०११ मध्ये 'लायन' या प्रणालीबरोबर फाइलच्या जुन्या आवृत्त्या आपोआप जपण्याची व्यवस्था केली. गूगल डॉक्समध्येही आवृत्त्यांचा इतिहास उपलब्ध असतो. पायरीपायरीने मागे जाणे आणि पूर्ण आवृत्तीवर परतणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण मोठ्या नुकसानीत दुसरीच उपयोगी पडते.

इतिहास जपण्याला दुसरी बाजूही आहे. पुसलेला मजकूर खरोखर पुसला जावा, अशी इच्छा अनेकदा असते. वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत 'फास्ट सेव्ह' नावाची सोय होती. तीत बदल फाइलच्या शेवटी जोडले जात, त्यामुळे काढून टाकलेली वाक्ये फाइलच्या पोटात शिल्लक राहत. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान कार्यालयाने इराकविषयीचा दस्तऐवज वर्ड फाइलच्या स्वरूपात प्रसिद्ध केला, तेव्हा त्या फाइलमध्ये शेवटच्या दहा फेरबदलांची नोंद राहून गेली होती आणि ती कोणाकोणाच्या हातून गेली, हे उघड झाले. नोंदवही कायम राहणार असेल, तर ती फाइलपासून वेगळी असावी आणि फाइल दुसऱ्याला पाठविताना सोबत जाऊ नये, हा यातला धडा. व्हिमने ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवली, हे या दृष्टीने योग्यच आहे.

मधलीच चूक काढायची असेल तर

अनडूचा आणखी एक जाच म्हणजे क्रम. तासापूर्वी एक परिच्छेद चुकून काढला आणि नंतर इतर ठिकाणी बरेच चांगले काम केले. आता तो परिच्छेद परत हवा, तर मधले सर्व चांगले काम आधी मागे घ्यावे लागते. केवळ हवी ती एकच कृती उलटविण्याच्या पद्धतीला 'निवडक अनडू' म्हणतात. थॉमस बेर्लागे यांनी १९९४ मध्ये तिची रीतसर मांडणी केली. ईमॅक्समध्ये मजकुराचा काही भाग निवडून त्यापुरतेच अनडू करता येते. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणक प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी 'अझ्युराइट' हे साधन तयार झाले. त्यात कालरेषेवर केलेले बदल दिसतात आणि त्यांतील हवे ते मागे घेता येतात.

अडचण उद्भवते ती बदल एकमेकांत गुंतल्यावर. एक वाक्य लिहिले, मग त्या वाक्यातील एक शब्द बदलला. आता 'वाक्य लिहिणे' ही कृती मागे घ्यायची, तर बदललेल्या शब्दाचे काय? कोणतेही उत्तर दिले, तरी कोणाच्या तरी अपेक्षेविरुद्ध जाणार. अशा वेळी प्रणालीने परस्पर निर्णय न घेता वापरकर्त्याला विचारणे, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

अनेक हात, एक मजकूर

एकाच मजकुरावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत रूढ झाल्यावर 'शेवटची कृती' या शब्दांचाच अर्थ धूसर झाला. एक जण पहिला परिच्छेद लिहीत आहे आणि दुसरा शीर्षक सुधारत आहे. पहिल्याने कंट्रोल-झेड दाबले, तर कोणाची कृती मागे जावी? काळाच्या क्रमाने पाहिले तर दुसऱ्याची शीर्षक-सुधारणा जाईल आणि त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. म्हणून गूगल डॉक्ससारख्या प्रणालींत ज्याने त्याने आपापली कृती मागे घ्यायची, असा नियम असतो.

नियम सोपा, पण अंमल कठीण. पहिल्याने शंभराव्या स्थानी पाच अक्षरे लिहिली. त्यानंतर दुसऱ्याने आरंभी वीस अक्षरे घातली. पहिल्याची अक्षरे आता एकशेविसाव्या स्थानी सरकली आहेत. जुन्या नोंदीनुसार शंभराव्या स्थानापासून पाच अक्षरे काढली, तर भलताच मजकूर जाईल. दुसऱ्यांच्या कृतींमुळे स्थाने किती सरकली, याचा हिशेब प्रत्येक वेळी करावा लागतो. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी १९८९ मध्ये या हिशेबाची पद्धत मांडली. 'ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन' या नावाने ती ओळखली जाते आणि गूगल डॉक्स तिच्यावर आधारलेले आहे. २०११ मध्ये फ्रान्समधील मार्क शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीआरडीटी' या रचनांचे शास्त्र मांडले. या पद्धतीच्या मजकूर-रचनांत स्थानाऐवजी प्रत्येक अक्षराला स्वतःची कायम ओळख दिलेली असते, त्यामुळे सरकण्याचा प्रश्नच उरत नाही.

तरीही पहिल्याने लिहिलेल्या वाक्यात दुसऱ्याने सुधारणा केली असेल, तर पहिल्याच्या अनडूने ती जावी की राहावी, याचे उत्तर गणित देत नाही. ती माणसांमधील समजुतीची बाब आहे.

बाण सुटल्यावर

काही कृती मागे घेताच येत नाहीत. छापलेले पान कोरे होत नाही आणि पोहोचलेले पत्र परत येत नाही. जीमेलने २००९ मध्ये पाठविलेली मेल मागे घेण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात दिली आणि २०१५ मध्ये ती सर्वांसाठी नियमित केली. प्रत्यक्षात तेथे काहीच परत येत नाही. 'सेंड' दाबल्यावर मेल काही सेकंद रोखून धरली जाते, एवढेच. ही मुदत ५, १०, २० किंवा ३० सेकंद अशी निवडता येते.

या साध्या युक्तीत एक महत्त्वाचे तत्त्व आहे. 'तुम्हाला खात्री आहे का?' असे दर वेळी विचारणाऱ्या चौकटीला लोक सवयीने 'होय' म्हणतात आणि चूक लक्षात येते ती त्यानंतर. म्हणून आधी विचारण्यापेक्षा नंतर सावरण्याची संधी देणे अधिक हिताचे, असे या विषयातील जाणकार मानतात.

वापरकर्त्यांनी काय करावे?

प्रणाली सुधारण्याची वाट न पाहता काही सवयी लावून घेता येतात. जुना मजकूर केवळ पाहण्यासाठी अनेक पायऱ्या मागे जायचे असेल, तर आधी पूर्ण मजकूर निवडून दुसऱ्या कोऱ्या फाइलमध्ये कॉपी करून ठेवावा. म्हणजे रीडूची चळत गेली, तरी काम शिल्लक राहते. मोठा परिच्छेद काढून टाकताना तो पुसण्याऐवजी फाइलच्या तळाशी हलवावा. ज्या प्रणालीत पायऱ्यांची मर्यादा बदलता येते, तेथे ती वाढवावी. ऑनलाइन फाइलमध्ये आवृत्त्यांचा इतिहास कुठे असतो, हे गरज पडण्यापूर्वीच पाहून ठेवावे. वेबपानावरील चौकटीत लांब मजकूर थेट न लिहिता तो आधी संपादकात लिहावा आणि मग तेथे चिकटवावा. मजकूर अचानक नाहीसा झाला, तर घाईने इतर कळी दाबू नयेत. प्रथम कंट्रोल-झेड दाबून पाहावे, कारण मधली प्रत्येक नवी कळ परतीचा मार्ग लांब करते.